मारिओमालिकेतील काठिण्य आणि रसिकमत : बारामती-इंदापूरच्या खेळभाषेच्या आधारे

मराठी काव्यसमीक्षेत दुर्बोधतेचा वाद एके काळी पुष्कळ गाजला. मर्ढेकरांच्या कवितेच्या निमित्ताने तो विशेष पेटला, आणि त्यातून निदान एक गोष्ट बहुतेकांनी मान्य केली. ती ही की, कठीण असणे हा कलाकृतीचा स्वयंसिद्ध गुण नव्हे, तसाच तो स्वयंसिद्ध दोषही नव्हे; ते काठिण्य कशातून उद्भवले आणि ते ओलांडल्यावर हाती काय लागते, हे पाहूनच निवाडा करावा लागतो. व्हिडिओ गेम या खेळप्रकाराविषयी जी रसिकमते जगभर व्यक्त होत आली आहेत, त्यांत मात्र 'कठीण' आणि 'सोपा' ही दोन विशेषणेच अद्याप जवळजवळ सर्व भार वाहताना दिसतात. जुने खेळ कठीण होते म्हणून चांगले होते, असे एक पक्ष म्हणतो. जुने खेळ विनाकारण छळत असत आणि नवे खेळ सर्वांना सामावून घेतात, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांचा आवडता दाखला मात्र एकच, निन्टेंडो या जपानी कंपनीची मारिओमालिका.

या वादात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा संबंध कोठे येतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध दुहेरी आहे. या परिसरात १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत जी पिढी वाढली, तिने हा खेळ ज्या रूपात खेळला ते रूप जपानी वा अमेरिकन खेळाडूच्या हाती पडलेल्या रूपाहून पुष्कळ भिन्न होते. आणि त्या खेळाविषयी ती बोलली ती हुतूतू, आट्यापाट्या आणि विटीदांडू यांच्या अंगणात घडलेली भाषा. पहिल्या गोष्टीमुळे रसिकमतांची तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते. दुसऱ्या गोष्टीमुळे असे काही शब्द हाती येतात की, ज्यांच्या साहाय्याने 'कठीण' या एकाच शब्दाखाली कोंबलेले निरनिराळे अर्थ सोडवून पाहता येतील.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली. संगीत कोजी कोंडो यांचे. धावणे आणि उडी मारणे या दोन क्रियांवर सारा डोलारा उभा आहे. डावीकडून उजवीकडे जायचे, खड्डे ओलांडायचे, शत्रूंना चुकवायचे अथवा चिरडायचे. मागे फिरण्याची सोय नाही, कारण पडदा एकदा सरकला की मागची भूमी नाहीशी होते. आठ प्रांत, प्रत्येकात चार टप्पे (खेळाडूंच्या भाषेत 'स्टेज'), असे एकूण बत्तीस टप्पे अवघ्या ४० किलोबाइट एवढ्या जागेत बसविलेले आहेत. आरंभी तीन जीव मिळतात. शंभर नाणी जमविली की आणखी एक.

आता या कृतीच्या संहितेविषयी. प्राचीन ग्रंथाविषयी मत देण्यापूर्वी कोणता पाठ डोळ्यांसमोर आहे हे सांगावे लागते, ही शिस्त पुण्याच्या परिसरात तरी नव्याने शिकविण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, ती याच शिस्तीवर. व्हिडिओ गेमच्या रसिकांत ही शिस्त फारशी आढळत नाही. 'मारिओ कठीण आहे' असे म्हणणारे दोघे एकाच खेळाविषयी बोलत आहेत, असे गृहीत धरले जाते. भारतीय लहान गावांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. येथे घराघरांत आली ती मूळ यंत्रे नव्हेत, तर मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी विकली जाणारी यंत्रे, आणि त्यांतील पुष्कळशी मूळ यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्याबरोबर येणाऱ्या खेळपेटीला सर्वजण 'कॅसेट' म्हणत आणि हातातल्या खटक्यांच्या पट्टीला 'रिमोट'. कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारून ती पुन्हा बसविण्याचा विधी सार्वत्रिक होता.

पाठभेदातील पहिला मुद्दा गतीचा आहे, आणि तो बहुधा कोणाच्याच लक्षात येत नाही. जपान आणि अमेरिका येथील दूरचित्रवाणी सेकंदाला साठ वेळा चित्र रेखाटीत असे. भारतातील पाल पद्धतीचा संच पन्नास वेळा. मारिओचा खेळ चित्राच्या प्रत्येक रेखाटनागणिक एक पाऊल पुढे सरकतो. साहजिकच साठांसाठी लिहिलेली संहिता पन्नासांना बांधलेल्या यंत्रावर चालविली की, सारे विश्व मूळ गतीच्या पाचषष्ठांश गतीने चालू लागते. शत्रू संथ, उडी संथ, संगीताची लय संथ. खेळातील घड्याळही त्याच प्रमाणात मंदावते. ज्या टप्प्यास चारशे मात्रांचा अवधी दिलेला आहे, तो मूळ यंत्रावर सुमारे १६० सेकंदांत संपतो आणि अशा यंत्रावर १९२ सेकंदांत. खेळाच्या आतील सर्व प्रमाणे कायम राहतात, परंतु खेळणाऱ्याच्या डोळ्याची आणि बोटाची गती काही मंदावत नाही. त्याला प्रत्येक निर्णयासाठी मूळच्यापेक्षा पंचमांश अधिक वेळ मिळतो. अमेरिकन रसिक ज्या उडीचे वर्णन थरारक म्हणून करतो, ती इंदापूरच्या मुलास साधी वाटली असेल, तर त्यावरून इंदापूरच्या मुलाचे कौशल्य अथवा अमेरिकनाचे दौर्बल्य सिद्ध होत नाही. दोघांचे पाठ वेगळे होते.

दुसरा मुद्दा प्रक्षेपांचा. कॅसेटच्या वेष्टनावर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे, आणि आत मोजके खेळ पुनःपुन्हा निरनिराळ्या क्रमांकांखाली येत. या पुनरुक्तीकडे लबाडी म्हणून पाहणे योग्यच. तथापि तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट घडून गेली. पुनरुक्त नोंदींपैकी काहींत खेळ मधल्याच टप्प्यापासून सुरू होई, काहींत जिवांची संख्या वाढविलेली असे. मूळ रचनाकारांनी जी काठिण्याची निवड खेळाडूच्या हाती दिलीच नव्हती, ती या अनामिक नक्कलकारांनी, बहुधा केवळ यादी लांबविण्याच्या हेतूने, देऊन टाकली. कोणत्या क्रमांकाखाली कोणता मारिओ आहे, हे ज्ञान मुलांमध्ये तोंडी चाले. काठिण्यनियमन हा नव्या खेळांचा शोध आहे, असे म्हणणाऱ्यांनी या अशुद्ध हस्तलिखितांची दखल घ्यावयास हवी.

तिसरी गोष्ट संहितेबाहेरची आहे. मूळ खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय नाही. हरल्यानंतर एक खटका दाबून ठेवून दुसरा दाबला असता मेलेल्या प्रांताच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते, हे गुपित कानोकान पसरलेले होते. परंतु वीज गेली की तेही संपले. ग्रामीण महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे वेळापत्रक हाच दिवसाचा कणा होता. अशा परिस्थितीत बत्तीस टप्पे क्रमाने पार करणे ही कौशल्याची नव्हे, तर महावितरणच्या वेळापत्रकाची परीक्षा ठरते. पहिल्या प्रांताच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत गेल्यास ज्या चोरवाटेशी पोहोचता येते ती थेट चौथ्या प्रांतात नेते. चौथ्याच्या दुसऱ्या टप्प्यातील वेल चढून गेल्यास आठव्यात. या दोन वाटा धरल्या की बत्तिसांपैकी केवळ आठ टप्पे खेळून खेळ पुरा होतो. रसिकांतील कर्मठ पक्ष या वाटांना पळवाटा मानतो. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या घरात त्या पळवाटा नव्हत्या. खेळाचा शेवट पाहण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. रचनाकारांच्या मनात भारनियमन नसणार हे उघड आहे. तरीही कमी अवधीच्या खेळाडूसाठी एक समांतर, आखूड आणि अधिक तीव्र खेळ त्यांनी मूळ खेळातच दडवून ठेवला, ही रचनेची दूरदृष्टी अशा ठिकाणीच पुरती कळते.

आता बोलीकडे वळता येईल. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या या दोन्ही तालुक्यांत 'पाळी' या शब्दाला वजन आहे. पाण्याची पाळी केव्हा येते, कोणाची किती लांबते, वरचा शेतकरी खालच्याला किती थांबवितो, यांवर भांडणे होतात. मारिओच्या खेळात दोघे खेळावयास बसले असता पहिल्याचा जीव जाईपर्यंत दुसऱ्याने बसून राहावयाचे असते. येथेही शब्द 'पाळी' हाच, आणि भांडणही जवळजवळ तेच. एका खोलीत पाचसहा मुले आणि एक रिमोट, ही स्थिती लक्षात घेतली की काठिण्याचा एक अगदी निराळा उपयोग ध्यानात येतो. खेळ सोपा असता तर निपुण भावाच्या हातून रिमोट सुटलाच नसता. खेळ जीव घेतो म्हणून पाळी फिरते. एकट्याने एका खोलीत बसून खेळणारा रसिक काठिण्याचा विचार स्वतःच्या आणि यंत्राच्या द्वंद्वापुरता करतो. दाटीने बसलेल्या मुलांच्या दृष्टीने काठिण्य ही वाटपाची व्यवस्था होती. याच कारणाने 'कॉन्ट्रा' हा कोनामी कंपनीचा दोघांनी एकाच वेळी खेळावयाचा खेळ एवढा लोकप्रिय झाला असावा. त्यात थांबणारा कोणी नव्हता, आणि विशिष्ट क्रमाने खटके दाबून तीस जीव मिळविण्याची युक्ती ज्यास ठाऊक तो घरात मान मिळवी.

पाळीपेक्षाही महत्त्वाचा पुरावा क्रियापदांत आहे. खेळात जीव गेल्यावर मराठी मूल "मेलो" म्हणते. मृत्यूचे प्रथमपुरुषी भूतकाळी रूप प्रत्यक्ष जीवनात कोणाला वापरता येत नाही. लाक्षणिक अर्थाने ते घरोघर ऐकू येत असले, तरी शब्दशः ते फक्त खेळाच्या अंगणातच वापरता येते. हुतूतूत गडी मरतो आणि जिवंतही होतो, त्यामुळे पडद्यावरच्या खेळासाठी हा शब्द नव्याने घडवावा लागला नाही. पण "मेलो" च्या शेजारी दुसरे एक वाक्य उभे असते: "त्यानं मारलं." पहिल्या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे, कर्ता स्वतः बोलणारा आहे आणि घडलेल्या गोष्टीचा धनीही तोच आहे. दुसऱ्यात सकर्मक क्रियापद, कर्त्याला तृतीया, आणि धनीपण बाहेर, कासवावर वा यंत्रावर, टाकलेले. प्रत्येक बोलणारा हा भेद काटेकोरपणे पाळतो, असा सरसकट नियम सांगता येणार नाही; चिडलेला मुलगा स्वतःच्या चुकीवरही "मारलं" म्हणतोच. तथापि भाषेने हे दोन पर्याय उपलब्ध करून दिलेले आहेत, आणि रसिकांच्या चर्चेत जे 'कठीण, पण न्यायाचे' म्हणून नावाजले जाते, त्याची याहून नेमकी व्याख्या करता येईल असे वाटत नाही. ज्या मृत्यूनंतर प्रामाणिक खेळाडूच्या तोंडून "मेलो" निघते तो न्यायाचा. जेथे विचारांती देखील "मारलं" हेच खरे ठरते, तेथे रचनेचा दोष शोधावा.

ही कसोटी पहिल्या टप्प्याला लावून पाहण्यासारखी आहे. आरंभीच एक तपकिरी प्राणी समोरून चालत येतो. ज्याला काहीच ठाऊक नाही तो त्याला धडकून मरतो, पण मेल्यामुळे त्याचे काहीच गेलेले नसते, कारण तो आरंभापासून चार पावलांवरच असतो. दुसऱ्या खेपेस तो उडी मारतो. उडी मारताना डोक्याचा धक्का वरच्या ठोकळ्याला लागतो आणि अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे सरकते, नळीवर आपटून परत खेळाडूकडेच येते, आणि चुकवू पाहिली तरी बहुधा अंगावर आदळते. अशा रीतीने एक शत्रू आणि एक मित्र यांची ओळख एका शब्दाशिवाय घडते. या रचनेमागील हेतू मियामोतो आणि तेझुका यांनी पुढे २०१५ मध्ये स्वतः उलगडून सांगितला. त्याहून सुंदर प्रसंग टप्प्याच्या उत्तरार्धात आहे. दोन पायऱ्यांच्या राशी समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये सपाट जमीन आहे. उडी चुकली तर माणूस खाली पडतो, एवढेच. थोडे पुढे गेल्यावर तशीच दुसरी जोडी येते, आणि या वेळी मधे खड्डा आहे. प्रथम चूक करू द्यायची, मग चुकीची किंमत लावायची, हा क्रम येथे इतका स्वच्छ आहे की, खड्ड्यात पडलेला मुलगा स्वतःखेरीज कोणालाच दोष देऊ शकत नाही. अध्यापनशास्त्रावर पुष्कळ लिहिणाऱ्यांनीही हा अर्धा मिनिट पाहावा.

तोच खेळ चौथ्या प्रांताच्या किल्ल्यात मात्र या शिस्तीस सोडतो. तेथे वरची की खालची वाट धरावयाची याची कसलीही खूण नाही. वाट चुकली तर तीच जागा पुनःपुन्हा समोर येत राहते, आणि तोवर घड्याळ चालूच असते. सातव्या प्रांताच्या किल्ल्यात हाच प्रकार अधिक गुंतागुंतीने होतो. येथे उडीचे कौशल्य कामी येत नाही. आठवण ठेवणे अथवा शेजारच्या मुलाला विचारणे, एवढेच उपाय उरतात. याला मराठी खेळभाषेत 'रडीचा डाव' म्हणतात. 'रडी' हा आरोप एरवी भिडूवर होतो, बाद झाल्यावर जो ते कबूल करीत नाही त्याच्यावर. येथे तो यंत्राला लागू पडतो, कारण जे नियम शिकविले त्यांना सोडून यंत्रच डाव जिंकू पाहते. आठव्या प्रांतातील हातोडे फेकणारी कासवांची जोडी याहून पुष्कळ अवघड आहे, हे सर्वजण मान्य करतील. पण ती रडी नव्हे. हातोड्यांचा मार्ग दिसतो, त्यांचा ताल पकडता येतो, आणि मरणारा "मेलो" म्हणूनच मरतो. अवघडपणा आणि रडी यांचे प्रमाण परस्परांवर अवलंबून नाही, हा मुद्दा रसिकांच्या वादात वारंवार हरवतो.

३ जून १९८६ रोजी जपानात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खेळाविषयीची मते या गोंधळाचे उत्तम उदाहरण होत. बाहेरून तो पहिल्याची प्रतिकृतीच वाटतो. आत मात्र अळंबीसारखीच दिसणारी विषारी अळंबी आहे. उडी मारली असता डोके आपटून खड्ड्यात पाडणारे अदृश्य ठोकळे आहेत. वाऱ्याचे झोत आहेत. आणि तिसऱ्या प्रांतात एक चोरवाट अशी आहे की, मोठ्या आशेने तिच्यात शिरलेल्या खेळाडूला ती पहिल्या प्रांतात परत नेऊन सोडते. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेतील हॉवर्ड फिलिप्स यांनी तो खेळून प्रतिकूल अभिप्राय दिला. परिणामी अमेरिकेत १९८८ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स २' या नावाने जे विकले गेले ते मूळच्या एका वेगळ्याच जपानी खेळाचे रूपांतर होते, आणि १९८६ चा खेळ तिकडच्या रसिकांस १९९३ पर्यंत पाहावयास मिळाला नाही. तोवर त्याच्याभोवती दंतकथा जमली होती. आज एक पक्ष त्यास मालिकेतील खऱ्या मर्दाचा खेळ मानतो, दुसरा क्रूर थट्टा.

वरील कसोटीने पाहता हा खेळ रडीच्या डावांनी भरलेला आहे, याविषयी संशय नाही. परंतु तेवढ्यावर त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल. विषारी अळंबी फसविते ती कोणाला? ज्याने पहिला खेळ कधी खेळलाच नाही त्याला फसविण्यासारखे तीत काहीच नाही. तो सर्वच गोष्टींना सारखाच भितो. फसतो तो जाणकार. परत पाठविणारी चोरवाट त्याच्याच अंगाशी येते ज्याला चोरवाटा हुडकण्याची सवय लागलेली आहे. म्हणजे हा खेळ पहिल्या खेळावरचे विडंबनात्मक भाष्य आहे, आणि भाष्याला मूळ ग्रंथ मुखोद्गत असलेला वाचक लागतो. निष्णातांसाठी रचलेले हे पुस्तक नवशिक्यांच्या हाती द्यावयाचे नाही, असा अमेरिकेतील निर्णय होता, आणि तो वाङ्मयीन दृष्ट्याही चुकीचा नव्हता. चूक करतात ते रसिक, जे या भाष्याला स्वतंत्र काव्य म्हणून वाचतात आणि मग त्याच्या काठिण्यालाच श्रेष्ठत्व समजतात. २००७ च्या सुमारास एका जपानी रसिकाने मालिकेतील पुढच्या एका खेळात फेरफार करून, मित्राला खेळवण्यासाठी, पावलोपावली अदृश्य ठोकळ्यांचे सापळे रचले, आणि त्यातून अशा छळवादी रचनांचा एक संप्रदायच निघाला. त्याचे मूळ पुरुष १९८६ च्या या खेळात आहेत. फरक एवढाच की, त्या संप्रदायाने निदान आपला हेतू लपविला नाही: एका मित्राने दुसऱ्याची केलेली ती फजिती आहे, आणि पाहणाऱ्यांनी हसावे एवढ्यासाठी ती आहे.

१९८८ च्या तिसऱ्या खेळाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याच्या श्रेष्ठत्वाविषयी मतभेद थोडे आहेत. नकाशा आला, काही टप्पे टाळून जाण्याची मुभा आली, आणि मिळविलेल्या वस्तू गाठीशी ठेवून नको त्या टप्प्यावर खर्च करण्याची सोय आली. एका वस्तूने पूर्ण टप्पा उडत पार करता येतो, दुसरीने टप्पा वगळताच येतो. काठिण्याचे नियमन यादीतून निवडावयाचे नसून ते कमवावयाचे व काटकसरीने वापरावयाचे, हा विचार येथे प्रथम पुरा झाला.

जिवांच्या हिशेबाविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. हुतूतूचे जुने तीन प्रकार या भागातील प्रौढ खेळाडूंस ठाऊक असतात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होतो. गामिनीत मेलेला मेलेलाच राहतो, सारा संघ संपेपर्यंत. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीतच नाही; केवळ प्रतिपक्षाला गुण मिळतो. मृत्यूची किंमत काय असावी, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत, आणि ती मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या तपासलेली आहेत. मारिओमालिकेने हाच प्रवास केलेला दिसतो. १९८५ चा खेळ संजीवनीचा: मोजके जीव, परंतु हिरव्या अळंबीने वा शंभर नाण्यांनी आणखी मिळणारे. तिसऱ्या प्रांतातील पायऱ्यांवर कासवाला पुनःपुन्हा उसळवून वाटेल तेवढे जीव साठविण्याची युक्ती रसिकांत प्रसिद्धच आहे; पण हाव सुटून ते १२७ च्या वर नेले, तर गणिताची मर्यादा ओलांडली जाऊन पुढच्याच मृत्यूला खेळ संपतो, हे पुष्कळांना अनुभवानेच कळले. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त जीव मोजणेच बंद झाले. मेल्यास दहा नाणी जातात आणि खेळ पुढे चालू राहतो. हा शुद्ध अमर प्रकार होय. यावर रसिकांनी मोठा गहजब केला की, मरणाला किंमत न उरल्यामुळे खेळ पोकळ झाला. हुतूतूचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. अमर प्रकार हा पोरकट प्रकार म्हणून कोणी हिणविलेला नाही. त्यात गड्याचे कौशल्य अखंड पाहावयास मिळते, कारण चांगला गडी पहिल्याच मिनिटास बाहेर जाऊन बसत नाही. जिवांची मर्यादा ही नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातून घरच्या खेळात आलेली रूढी होती, आणि ती गेल्याने मोडले ते रूढीचे वळण, खेळ नव्हे.

उरला तो सर्वांत कडवा वाद, मदतीचा. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' या खेळात एकाच टप्प्यावर आठ वेळा मेल्यास एक हिरवा ठोकळा प्रकटतो. तो उघडला की यंत्र स्वतःच तो टप्पा खेळून दाखविते. २०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' मध्ये योशी आणि नॅबिट या पात्रांना शत्रूचा उपद्रव होत नाही, खड्ड्यात पडल्यास मात्र तीही मरतात. निष्णात रसिकांना हे दोन्ही प्रकार सारखेच निषेधार्ह वाटतात. मराठी मुलांच्या खेळात या सोयीला फार जुने नाव आहे: कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याचे बाद होणे मोजायचे नाही, त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. या संस्थेचे काही अलिखित नियम आहेत. कच्चा लिंबू ठरविते ती मंडळी, तो स्वतः नव्हे. त्याला सर्व अनुभव मिळतो, परंतु त्याच्या यशाची गणना होत नाही. मुख्य म्हणजे हे पद कोणालाच फार दिवस नको असते. एके दिवशी ते मूल हट्ट धरून पक्के होते, आणि त्या दिवसापासून बाद झाल्यावर रडतेही.

या नियमांनी पाहिले असता वरील दोन सोयींत मोठे अंतर आढळते. हिरवा ठोकळा केवळ एकट्याने खेळताना प्रकटतो. तेथे मंडळी नाही. कच्चे ठरविणारे यंत्र आहे, आणि तेही आठ मृत्यू मोजून. खेळाडूला त्यात जो अपमान वाटतो तो खरा आहे, आणि रसिकांच्या निषेधात तेवढा सत्यांश आहे. शिवाय कच्च्या लिंबाच्या हातचा डाव कोणी काढून घेऊन खेळत नाही, येथे तर डावच यंत्र खेळते. नॅबिटची गोष्ट वेगळी. चौघे एकत्र खेळत असता पाच वर्षांची बहीण त्याला घेऊन इतरांबरोबर धावू शकते, खड्डे तिलाही ओलांडावेच लागतात, आणि एक दिवस ती स्वतःच मारिओ मागून घेते. पहिल्या खेळाच्या काळी त्या बहिणीला करण्यासारखे एकच काम होते, पाळीची वाट पाहणे. बारामतीच्या अनेक घरांत तिच्या हाती दुसरा, न जोडलेला रिमोट देऊन तीच खेळत असल्याची समजूत घातली जाई. वायर यंत्राला लागलेली नाही, हे तिला जेव्हा कळे, तेव्हा होणारा आक्रोश काठिण्याविषयी नसे.